चुकलेली गोळी कुठे जाते?

जालना जिल्ह्यात जंगल शोधायला निघालं तर बरंच फिरावं लागतं. भोकरदन-जाफराबादच्या वरच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे उतार, अधूनमधून वनखात्याची गवताळ माळं, ओढ्याकाठची वेडी बाभळ; बाकी सगळी शेती. राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत जालन्याचं नाव येतं. तरी रानडुकरं आहेत, रोही आहेत, काळविटांचे कळप आहेत. त्यांनी जंगल बदललं, एवढंच. डोक्यावर गेलेली तूर, दिवाळीच्या आधीची दाट कपाशी, अंबड-घनसावंगीकडचा गोदाकाठचा ऊस ही त्यांची आजची झाडी. रात्री मक्यात, हरभऱ्यात उतरायचं आणि पहाटे उसात शिरायचं, असा डुकरांचा रिवाज.

झाडीत वापरायची रायफल कोणत्या बोअरची असावी, तिची नळी केवढी असावी, हा जगभरच्या शिकाऱ्यांचा लाडका वाद. त्यावर कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत. आपल्याकडे कायद्याने हा वाद संपवला, अशी समजूत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सुरुवातीला परवान्यावरची शिकार ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. हौसेची शिकार आज भारतात कुणालाच करता येत नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११ ने एक दार किलकिलं ठेवलं आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोकादायक ठरलेला प्राणी, तो कोणत्या अनुसूचीत आहे हे पाहून, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मारता येतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही या दोघांपुरती ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. म्हणजे प्रश्न शिल्लक आहे, विचारणारा बदलला. पूर्वी छावणीतला साहेब विचारायचा, आता ज्याची तूर गेली तो विचारतो. उत्तर मात्र अजून साहेबाच्या पुस्तकातलं दिलं जातं. ते उत्तर घनदाट, निर्मनुष्य रानासाठी लिहिलेलं होतं. जालन्यात ते का चालत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी बंदुकीची नळी आतून पाहावी लागेल.

नळ्या दोन जातींच्या. एक आतून गुळगुळीत, दुसरी आतून पीळ कोरलेली. गुळगुळीत नळीची बंदूक या जिल्ह्याच्या मातीला चांगली ओळखीची आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदन तालुक्यातल्या असईजवळ आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी भिडली, तेव्हा इंग्रजी पायदळाच्या खांद्यावर ‘ब्राऊन बेस’ नावाची पुढून ठासायची बंदूक होती. नळीचा व्यास पाऊण इंच, आत गोल शिशाची गोळी. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ. म्हणून तर रांगाच्या रांगा एकदम झाडायच्या. सोळा वर्षांनी, एप्रिल १८१९ मध्ये, मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या मागे वाघुर नदीच्या घळीत उतरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, तोही या ठासणीच्या बंदुकांचाच जमाना. आज त्या घळीत वाघ नाही, लेण्यांना पर्यटकांची रांग आहे. ज्या रानात वाघ बसायचा त्या रानासाठी लिहिलेले बंदुकांचे नियम आपण अजून पाठ म्हणतो, हे त्यामुळेच थोडं गमतीचं वाटतं.

पीळदार नळीची कल्पना साधी आहे. गोळी नळीतून जाताना पिळात धरली जाते, स्वतःभोवती गरगरते आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे तोल सांभाळत सरळ जाते. नळीच्या किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, हा तिचा पीळ. लांबट गोळीला घट्ट पीळ लागतो; .३०३ रायफलीत तो दहा इंचांत एक फेरा असतो. गोल गोळीला मात्र फार फिरवण्याची गरज नसते, आणि मऊ शिशाच्या गोल गोळीला जोराची दारू देऊन घट्ट पिळातून ढकललं तर ती पीळ सोडून नुसती घसरत बाहेर पडते.

या मुद्द्यावर सर्वांत धीट विचार केला तो आपल्या शेजारच्या मुलखात वावरलेल्या एका अधिकाऱ्याने. जेम्स फोर्सिथ हा बंगालच्या लष्करातला, पुढे मध्य प्रांतात निमाडचा जमाबंदी अधिकारी. सातपुड्यावरचं त्याचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे १८७१ चं पुस्तक प्रसिद्ध आहे, पण त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक तांत्रिक पुस्तक लिहिलं होतं. त्या वेळी इंग्लंडात लांबट गोळी आणि घट्ट पीळ यांची चलती होती; हजार यार्डांवरचे निशाणेबाजीचे सामने त्यानेच जिंकले जात. फोर्सिथचं म्हणणं उलट होतं. सागाच्या आणि बांबूच्या रानात जनावर पन्नास-शंभर यार्डांवर दिसतं, अंतर मोजायला सवड नसते, आणि जखमी वाघ मागे लागला तर एका गोळीत खाली बसवावा लागतो. तेव्हा मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी सैल पीळ, चौदा बोअरच्या नळीत सुमारे १०४ इंचांना एक फेरा, हे त्याचं उत्तर. वेग जास्त असल्याने गोळी शंभर यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जाते, अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकत नाही. फोर्सिथचा हिशेब आज जुना झाला, कारण काळी दारूच गेली. पण त्याची रीत मला अजून पटते. आधी रान पाहायचं, जनावर किती अंतरावर दिसेल ते पाहायचं, मग बंदूक ठरवायची. आजकाल बहुतेक जण याच्या उलट करतात.

हा ‘बोअर’चा हिशेबही जाता जाता सांगून टाकू. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढी होईल तेवढी नळी; साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्यामुळे आकडा वाढला की नळी लहान होते. रायफलीत मात्र आकडा इंचात असतो, .३१५ म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. एकाच दुकानात एकाच नावाखाली दोन मापं चालतात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो.

फोर्सिथनंतर वीसेक वर्षांनी आणखी एक तोडगा निघाला, आणि तोही हिंदुस्थानात नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यातून. कर्नल जॉर्ज फॉसबेरी याने १८८५ मध्ये ‘पॅराडॉक्स’ बंदुकीचं पेटंट घेतलं आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बनवली. बारा बोअरची दुनळी, जवळजवळ सगळी नळी गुळगुळीत, फक्त तोंडाकडचे काही इंच पीळदार. तित्तिर उठला तर छर्रे मारा, अस्वल समोर आलं तर एकजिनसी गोळी मारा. शंभर यार्डांच्या आत ती दोन्ही कामं करायची. झाडीतल्या बंदुकीचा इतका समजूतदार नमुना नंतर फारसा झाला नाही, असं माझं मत आहे. ती बाजूला पडली कारण तिच्यात दोष निघाला म्हणून नव्हे, तर १८८६ नंतर बिनधुराची दारू आली आणि सगळं जग लहान व्यासाच्या वेगवान गोळीमागे धावलं.

त्या धावण्याने रायफलींचे आकडे कसे बदलले ते पाहण्यासारखं आहे. .३०३ ची लष्करी गोळी सुमारे ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी, जिने त्याने १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मारला, तिची गोळी ९ ग्रॅमची आणि वेग ८३० च्या आसपास. आपल्याकडच्या परवानाधारकांची .३१५, तिची गोळी जवळजवळ १६ ग्रॅमची, वेग मात्र ६२० मीटरच. आता ऊर्जेचा हिशेब करा: तिन्हींचा आकडा तीन हजार ज्यूलच्या थोडा वर येतो. दुकानात किंवा चहाच्या टपरीवर ‘कोणती जास्त पॉवरफुल’ असा जो वाद चालतो तो या तिघींपुरता निरर्थक आहे. फरक आहे तो ऊर्जा कशी पोचते यात. शंभर मीटरवर नेम बसवला असेल तर दोनशे मीटरवर .३१५ ची गोळी साधारण फूटभर खाली जाते, .२७५ ची त्याच्या निम्मी. दीडशे-दोनशे मीटरवर उघड्या माळात उभ्या असलेल्या रोहीसाठी हे महत्त्वाचं. साठ मीटरवर तुरीतून बाहेर पडणाऱ्या डुकरासाठी याला काडीची किंमत नाही.

.३१५ चं नाव घेतलं की तिची जन्मकथा सांगावीच लागते, कारण ती बंदूक शिकाऱ्यांनी निवडलेली नाही, सरकारने निवडली आहे. इंग्रजांना एक धास्ती कायम होती: सैन्याची काडतुसं चोरून बंडखोरांच्या हाती जातील. १९०७ मध्ये त्यांनी याच धास्तीने .४५० बोअरच्या रायफलींना हिंदुस्थानात मज्जाव केला, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका त्याच व्यासाच्या होत्या आणि त्या सरहद्दीवर बऱ्याच जणांकडे होत्या. परिणाम मजेशीर झाला. हत्ती-गव्याची शिकार करणाऱ्यांना .४५० च हवी होती, मग लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा रायफली काढल्या. आफ्रिकेत आजही .४७० चं नाव आहे. ती एका हिंदुस्थानी बंदीची लेक आहे.

.३१५ ची गोष्ट तशीच. .३०३ हे सैन्याचं काडतूस, ते खाजगी माणसाला द्यायचं नाही. मग ली-एन्फिल्डच्याच घडणीची रायफल, पण ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसासाठी बनवली, जे हिंदुस्थानी पलटणीत कुणाकडेच नव्हतं. स्वातंत्र्यानंतर ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात होत राहिली आणि तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. १८६९ चा तो कारखाना. त्याच्या काडतुसांच्या बुडाशी ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. २०२१ मध्ये शस्त्रनिर्मिती कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत वाटले गेले, खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेला. आजच्या शस्त्रनियमांतही सैन्याचं .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं काडतूस ज्यात चालेल ती रायफल निषिद्ध बोअरची. .३०-०६ ची गोळी व्यासाने तेवढीच, पण सैन्याचं काडतूस तिच्यात बसत नाही, म्हणून तिला वेगळी वागणूक. तेव्हा अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या तक्त्यात पाहून ‘झाडीसाठी .३०८ उत्तम’ असं कुणी सांगितलं, तर मान डोलवावी आणि विसरून जावं.

आता नळीची लांबी. लांब नळीत दारूला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो, वेग वाढतो. मध्यम रायफलीत नळी एक इंच कमी केली की वेग सेकंदाला साधारण सहा ते नऊ मीटरने उतरतो. सव्वीस इंचांची वीस केली तर गेले पन्नासेक मीटर. शंभर मीटरच्या आतल्या डुकराला हा फरक कळणारही नाही. त्याबदल्यात आखूड नळी फांद्यांत अडकत नाही, मचाणावर वळवता येते, खांद्याला लवकर येते. झाडीसाठी आखूड नळी हा सल्ला तिथूनच आला आणि तो बरोबर आहे. पण त्याची किंमतही असते. १९४४ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या रानासाठी .३०३ ची आखूड, हलकी आवृत्ती काढली, जिला पुढे ‘जंगल कार्बाइन’ म्हणू लागले. नळी एकोणीस इंचांच्याही आत. दणका असा की सैनिक कुरकुरू लागले, तोंडाशी आगीचा लोळ इतका की नळीला शंकूसारखं नरसाळं बसवावं लागलं, आणि नेम सरकतो ही तक्रार तिच्या कपाळी कायमची चिकटली. अंधारात झाडायचं असेल तर हा लोळ झाडणाऱ्याचेच डोळे दिपवतो आणि दुसरी गोळी आंधळ्याची होते.

घरच्या घरी करवत घेऊन नळी कापण्याचा विचार कुणाच्या मनात येत असेल तर थांबा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ विनापरवाना नळी आखूड करणं हाच गुन्हा ठरवतं. वर नळीचं तोंड जरासं तिरकं कापलं गेलं तर गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि बंदूक आयुष्यभर एकाच बाजूला मारते.

दुनळी रायफल ही आणखी वेगळी चीज. दोन नळ्या ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवलेल्या असतात आणि तेही एकाच प्रकारच्या काडतुसाला. काडतूस बदललं की नळ्या भांडू लागतात. दुसरी गोळी मात्र पुन्हा बंदूक न भरता, आवाज न करता लगेच मिळते. चवताळलेल्या जनावरासमोर यापेक्षा चांगलं काही नाही. हैदराबाद कंटिंजंटमध्ये नोकरी केलेले आर. जी. बर्टन यांनी १९२८ मध्ये दख्खनच्या शिकारीवर आणि वन्यजीवनावर पुस्तक लिहिलं. त्यांची पिढी हत्तीवरून किंवा हाका घालून वाघ मारायची. तिला दुनळी शोभत होती. पिकातल्या डुकरासाठी ती चैन आहे.

झाडीबद्दलचा एक हट्टी गैरसमज इथेच काढून टाकतो. जड आणि संथ गोळी फांद्या ‘तोडत’ जाते, हलकी गोळी वळते, असं सांगितलं जातं. जड, बोथट गोळी थोडी कमी वळते एवढं खरं. पण करंगळीएवढ्या तुराट्याला लागून कुठलीच गोळी भरवशाची राहत नाही. फांदी जनावराच्या अगदी अंगालगत असेल तर निभावतं. पंधरा-वीस मीटर अलीकडे असेल तर गोळी पोटात किंवा मांडीत लागते, जनावर उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसाला ते भेटतं. जखमी नर डुक्कर सुळ्याने मांडी फाडतो. मोठ्या बोअरने झाडीवर मात करता येत नाही. मोकळी फट मिळेपर्यंत थांबावं लागतं.

गोळीचं टोकही बोअरइतकंच महत्त्वाचं, आणि त्याचीही मुळं हिंदुस्थानात आहेत. संपूर्ण तांब्या-निकेलचं कवच असलेली लष्करी गोळी प्राण्यातून सुईसारखी आरपार जाते. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली .३०३ गोळी बनवली, ती अंगात शिरल्यावर पसरते. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी झाली. जनावराच्या बाबतीत नीती उलटी आहे: जी गोळी पसरते ती लवकर मारते, आणि आरपार जाऊन पलीकडे निघत नाही. खडकीच्या .३१५ मध्ये मऊ टोकाची गोळी मिळते. डुकरावर झाडायची असेल तर तीच, दुसरा विचार नको.

इथवर सगळं साहेबाच्या पुस्तकात सापडतं. जे तिथे फारसं नाही ते असं: गोळी चुकली तर ती कुठे जाते? फोर्सिथच्या सातपुड्यात चुकलेली गोळी डोंगराच्या कुशीत जायची. जालन्यात ती शेजाऱ्याच्या आखाड्यावर जाते. रायफलीची गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, साधी .२२ सुद्धा दीडेक किलोमीटर. बदनापूर किंवा परतूरच्या सपाट शिवारात तीन किलोमीटरच्या वर्तुळात किती वस्त्या, किती गोठे, रात्री पाणी धरायला आलेली किती माणसं असतात, ते ज्याचं त्याने मोजावं. विजेचा दाब रात्री असतो म्हणून माणसंही रात्रीच शेतात असतात, आणि डुकरंही रात्रीच येतात. या एका गोष्टीपुढे बोअर, पीळ, वेग सगळं मागे पडतं.

आश्चर्य असं की हे १९५९ च्या कायदा करणाऱ्यांना उमगलं होतं, किंवा नकळत त्यांच्या हातून बरोबर लिहिलं गेलं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे आणि ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीचा उल्लेख तिथे नाही. बारा बोअरचे मोठ्यातले मोठे, एलजी मापाचे छर्रे सहा-सातशे मीटरमध्ये जमिनीवर येतात, बारीक छर्रे अडीचशेच्या आसपास. चूक झाली तरी ती स्वतःच्या शिवारात राहण्याची शक्यता जास्त.

अर्थात छर्ऱ्यांची दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. एलजी तीस मीटरपलीकडे विखुरतो. डुकराच्या खांद्यावर, विशेषतः जुन्या नराच्या, चिवट कातडीची ढालच असते, वर चिखलाचा थर. चाळीस-पन्नास मीटरवरून मारलेले दोन छर्रे त्याला मारत नाहीत, पिसाळवतात. नळीच्या तोंडाला आवळ असेल, ज्याला चोक म्हणतात, तर मोठे छर्रे अनेकदा उलटे जास्त विस्कटतात. आणि घट्ट चोकमधून नळीभर मापाची एकजिनसी गोळी मारली तर नळी फुगण्याची भीती. बारा बोअरवाल्याने आपल्या दोन नळ्यांपैकी मोकळी कोणती हे बंदूक विकत घेतानाच विचारून घ्यावं. रोहीचा नर दोनशे किलोंच्या वर जातो. त्याच्यावर छर्रे मारणं म्हणजे क्रौर्य आहे, आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने ही बाब अर्जावरच तपासायला हवी.

म्हणून रायफल पूर्णपणे बाद करता येत नाही. ती वापरायची असेल तर तिची जागा जमिनीवर नाही, माळ्यावर आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला माळा नवा नाही. ज्वारी राखायला त्यावर बसून गोफण फिरवणारी पिढी अजून हयात आहे. गणित शाळेतलं आहे. उभ्या माणसाच्या खांद्यापासून पंचवीस मीटरवरच्या डुकराकडे गोळी जाते तेव्हा ती जमिनीशी जेमतेम सव्वादोन अंशांचा कोन करते. सुकलेल्या काळ्या जमिनीवर किंवा बांधाच्या दगडावर चाटून ती पुन्हा उडते. तीच गोळी चार मीटर उंच माळ्यावरून मारली तर कोन आठ अंशांचा होतो आणि ती मातीत रुतण्याची शक्यता कितीतरी वाढते. बोअर बदलून जे साधत नाही ते चार बांबू आणि एक शिडी साधून देते. माळ्यावरून दिसतंही जास्त, वासही वरून जातो, आणि अंतर आपोआप मर्यादित राहतं. त्या अंतरासाठी .३१५ पुरेशी आहे, किंबहुना तिची संथ, जड, पसरणारी गोळी इथे .२७५ किंवा .३०-०६ पेक्षा सोयीची. दुर्बीण लावायची तर कमी पटीची, जास्त उजेड घेणारी. मोठ्या पटीच्या दुर्बिणीतून जवळचं डुक्कर म्हणजे नुसता काळा डाग दिसतो.

रोहीचा प्रश्न वेगळा. तो उजेडी, लांबून, उघड्यावर दिसतो. माळ्याजवळ येईलच असं नाही. त्याला दीडशे मीटरवरून उघड्या सपाट रानात रायफलीने मारायची परवानगी जालन्यासारख्या जिल्ह्यात दिली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे टेकडी किंवा मोठा बांध असेल तर गोष्ट निराळी, आणि तो माणूसही सराईत निशाणेबाज हवा. नाहीतर रोहीसाठी कुंपण, मग ते सौरऊर्जेचं असो की चर खणलेलं. तारेत घरगुती वीज सोडण्याचा जो जीवघेणा उपाय काही जण करतात, त्यात डुकरांबरोबर माणसं आणि बैलही मरतात. तो उपाय नव्हे, गुन्हा आहे.

बंदुकीपेक्षा आदेशाचा वाद मोठा होतो, हे २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळमध्ये टी-१ वाघीण मारली गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. कोणत्या बोअरने मारली याची चर्चा क्वचितच झाली. आधी भुलीचं इंजेक्शन दिलं का, रात्री का मारली, कोण हजर होतं, यावर महिनोन्महिने काथ्याकूट चालला. पिकातल्या डुकराबाबत एवढा गाजावाजा होत नाही, पण प्रश्न तेच असतात.

ज्याच्या शेतात डुकरं उतरतात त्याने पहिला अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा, नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा, भरपाई मागावी. बंदुकीचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परवाना असला म्हणून डुक्कर मारता येत नाही, आणि मारायचा आदेश असला म्हणून विनापरवान्याची बंदूक चालत नाही. दोन्ही कागद लागतात. काळवीट त्या कागदांत कुठेच बसत नाही. तो अनुसूची एकमध्ये आहे, पिकात उभा असला तरी. आणि आदेशाने रीतसर मारलेलं रानडुक्करसुद्धा मारणाऱ्याचं किंवा शेतमालकाचं होत नाही: कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ते सरकारची मालमत्ता असतं, आणि मेलेलं जनावर वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागतं.